घडीची घोडी

गेल्या वर्षी गणपतीला आठ दिवस असताना आमच्याकडे एक खुर्ची कापली गेली. कापायची होती मखराची फळी. ह्यांनी ती जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर आडवी टाकली, वर पाय दिला आणि करवत चालवली. फळी तर कापली गेलीच, शिवाय खुर्चीच्या बैठकीची कडही बोटभर आत गेली. दुसऱ्या फळीच्या वेळी आम्ही शहाणे झालो आणि दोन स्टुलं मांडली. त्यातलं एक उंच, एक बुटकं! फळी डुगडुगली, करवत उसळली आणि ह्यांच्या डाव्या अंगठ्याला तीन टाके पडले. मखर त्या वर्षी जुन्या साड्यांचं झालं. दिसलं छान, पण आरतीच्या वेळी माझं लक्ष आपलं त्या पांढऱ्या बँडेजकडेच.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात फळी कशावर ठेवून कापतात, एकदा आठवून पाहा बरं. ओट्याची कड, पलंगाचा काठ, गॅलरीची पायरी, नाहीतर सरळ लादीवर. यासाठी घोडी नावाची साधी वस्तू असते. दोन्ही बाजूंना फाकलेले पाय आणि वर आडवी पट्टी. अशा दोन घोड्या समोरासमोर मांडायच्या आणि त्यांवर फळी टाकायची. लाकडाच्या गिरण्या नव्हत्या तेव्हा मोठमोठे ओंडके असेच उंचावर चढवून दोघे करवत्ये कापीत, एक वर उभा, एक खाली. आपल्याला काही ओंडके कापायचे नाहीत. आपल्याला हवी ती दाराआड मावणारी, एकटीला उचलता येणारी आणि काम झालं की मिटून ठेवता येणारी.

खुर्ची कापणारे आपण पहिलेच नव्हे, हे वाचल्यावर ह्यांना फार बरं वाटलं. रॉन हिकमन नावाचे एक गृहस्थ इंग्लंडात मोटारींचे आराखडे करीत. लोटस कंपनीची ‘एलान’ ही गाडी त्यांची. १९६१ साली घरी कपाट करताना त्यांनीसुद्धा आपली चांगली महागाची स्वीडिश खुर्ची अशीच कापून ठेवली. त्या चुटपुटीतून त्यांनी घडी होणारा कामाचा बाक तयार केला. हा विकला जाणार नाही, असं म्हणून कंपन्यांनी त्यांना परत पाठवलं. शेवटी १९७०नंतरच्या काळात ब्लॅक अँड डेकर कंपनीने तो ‘वर्कमेट’ नावानं बाजारात आणला आणि तो जगभर कोट्यवधींनी खपला. एवढा पराक्रम आमच्याच्यानं होणार नव्हता, पण घोडी करायची एवढं ठरलं.

पहिली घोडी फसली, तेही सांगते. एका सुतारदादांना बोलावलं. हाताचा मोठा कसबी माणूस. जमिनीवर बसून, फळी पायाखाली दाबून असे कापायचे की रेघ जरासुद्धा हलत नसे. त्यांना घोडी लागतच नाही, त्यांचा पाय हीच त्यांची घोडी. मी त्यांना फक्त म्हटलं, “दादा, चांगली मजबूत करा हं.” मजबूत म्हणजे जाड आणि जड, असा अर्थ त्यांनी घेतला आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. सागाच्या तीन बाय दोन इंचांच्या पट्ट्या, उंची छत्तीस इंच. घडी व्हायची, पण ती घडी उचलायला दोघं लागायची आणि ती ठेवायला आमच्या घरात भिंतच नव्हती. गेली गच्चीवर. पावसात बिजागऱ्या गंजल्या आणि दिवाळीला साफसफाईत पाहिलं, तर उघडेचना. माप सांगायला विसरले मी, आणि हळहळले ती सागाच्या पैशासाठी.

दुसऱ्या खेपेला मात्र टेप आधी मी हातात घेतली. लाकूड नंतर. तुम्हीही तसंच करा. पहिलं माप घोडीचं नव्हे, ती ठेवायच्या जागेचं. स्वयंपाकघराचं दार पूर्ण उघडल्यावर त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये आमच्याकडे सहा इंच उरतात. तिथे आजवर केरसुणी आणि एक मोडकी छत्री होती. म्हणजे दोन घोड्या मिटल्यावर मिळून पाच इंचांत बसल्या पाहिजेत. दुसरं माप उंचीचं. तुम्ही ज्या टेबलाशी बसून लिहिता किंवा भाजी निवडता आणि खांदे वर चढत नाहीत, त्या टेबलाची उंची मोजा. बहुतेक घरांत ती एकोणतीस ते तीस इंच निघेल. तिसरं माप वजनाचं, आणि त्याला टेप लागत नाही. एका हातात घोडी, दुसऱ्या हातात फळीचं टोक, असं दारातून जाता आलं पाहिजे.

आता कोणी म्हणेल, नुसत्या करवतीनं कापायचं तर घोडी गुडघ्याच्या उंचीचीच बरी, म्हणजे फळीवर गुडघा रोवता येतो. खरं आहे. तुमच्या घरात दर रविवारी सुतारकाम चालत असेल तर वीस-बावीस इंचांची करा. पण आमच्याकडे वर्षातून फार तर चार वेळा करवत निघते आणि टेबल लागतं रोज. मुलांच्या वह्या तपासायला, शिवणाचं कापड बेतायला, फराळाच्या दिवसांत परातींच्या रांगा मांडायला. म्हणून मी टेबलाची उंची धरली. कापताना गुडघ्याऐवजी शिकंजा लावते, बाजारात सी-क्लॅम्प म्हणून मागा. दोन शिकंजांनी फळी घोडीला आवळली की हलत नाही. गुडघ्यापेक्षा तो जास्त भरवशाचा, आणि साडीही मध्ये येत नाही.

लाकूड दोन इंच रुंद आणि एक इंच जाड अशा पट्ट्यांचं घ्या. वखारीत साग मिळेल, पण या कामाला साग म्हणजे रोजच्या पोळीत केशर. मी पाईनच्या पट्ट्या वापरल्या. यंत्रं ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्यांचं हे लाकूड. वसई पूर्वेच्या कारखान्यांकडून भंगारात येतं, तिथून मला स्वस्तात मिळालं. मात्र ते घेताना दोन गोष्टी पाहा. एक, खिळे. एकही राहिला तर रंध्याचं पातं गेलं. दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. परदेशातून आलेल्या खोक्यावर गव्हाच्या ओंबीसारखी एक खूण जाळून उमटवलेली असते आणि तिच्याशेजारी अक्षरं असतात. ‘एचटी’ असेल तर ते लाकूड कीड मारण्यासाठी नुसतं तापवलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घरात आणू नका, मुलांच्या टेबलासाठी तर नाहीच.

एका घोडीला तीस इंचांचे चार पाय आणि चोवीस इंचांच्या चार आडव्या पट्ट्या लागतात. म्हणजे अठरा फूट. दोन घोड्यांना छत्तीस, वर चार फूट चुकांसाठी धरा. (आमच्या चुका सहा फुटांच्या झाल्या.) दोन पाय उभे, वरच्या टोकाला एक आडवी पट्टी, जमिनीपासून आठ इंचांवर दुसरी. अशी एक चौकट झाली. अशाच दोन चौकटी म्हणजे एक घोडी. सांध्यात दोन्ही पट्ट्यांची अर्धी अर्धी जाडी खाचून त्या एकमेकींत बसवायच्या, म्हणजे चौकट एक इंचापेक्षा जाड होत नाही. खाचा मात्र सुताराकडून करून घ्या, गुण्या लावून. तेवढ्याचे पैसे वाचवू नका. सांध्यात फेविकॉल, वर दोन दोन स्क्रू. स्क्रूआधी बारीक भोक पाडून घेतलं नाही तर पाईन टोकाशी हमखास चिरतं.

वरच्या दोन्ही कोपऱ्यांत बाहेरच्या अंगानं पातळ प्लायचे त्रिकोण बसवा, हाताच्या पंजाएवढे. ही गोष्ट कृपा करून वगळू नका. दिसायला चौकट भक्कम वाटते, पण टेबलाला बाजूनं धक्का बसला की त्रिकोण नसलेली चौकट पतंगासारखी तिरकी होते. पहिले चार दिवस आम्ही त्रिकोणांवाचून वापरली आणि पोळपाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आपणहून निघाला!

आता दोन्ही चौकटी पाठीला पाठ लावून उभ्या करा आणि वरच्या पट्ट्यांच्या माथ्यावर दोन बिजागऱ्या बसवा, टोकांपासून चार चार इंच आत. बिजागरीपुरती खाच करून ती लाकडात बुडवा, म्हणजे करवतीचे दात तिच्यावर आपटत नाहीत. पाय फाकवले की माथ्यावर मध्ये थोडी दरी पडते आणि फळी बाहेरच्या दोन कडांवर बसते. दोष वाटेल, पण तोच फायदा. दोन कडांवर टेकलेली फळी एका कडेपेक्षा स्थिर राहते. बिजागऱ्या आणि स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या. आपल्याकडची हवा समुद्राची, लोखंड दुसऱ्या पावसाळ्यात रडायला लागतं. हे मला गच्चीवरच्या घोडीनं शिकवलं.

घोडीचा खरा जीव मात्र साखळीत. पाय किती उघडायचे हे साखळी ठरवते. ती नसेल तर वर वजन आलं की पाय लादीवरून सरकत सरकत सगळं खाली येईल. सुतळी किंवा नायलॉनची दोरी चालत नाही, ओढ बसून ती ढिली पडते. पातळ साखळी घ्या, दोन्ही बाजूंना एकेक. खाली दोन पायांमध्ये सोळा इंच अंतर ठेवून घोडी उभी करा आणि मग त्या मापाची साखळी कापा. सोळा इंच उघडली की उंची एकोणतीसच्या आसपास येते, वर पाऊण इंचाची फळी आली की तीस. साखळीच्या कड्या पायांच्या आतल्या बाजूला मारू नका, मी मारल्या होत्या. कड्या एकमेकींवर आपटून घोडी मिटायची नाही, आणि माझे पाच इंच सहा झाले! कड्या पायांच्या बाजूच्या कडेवर हव्यात.

राहिली किरकोळ कामं. मिटल्यावर उघडू नये म्हणून बाजूला एक हूक. पायांच्या तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवा, लादीवर सरकत नाही आणि खालच्या मजल्यावरची मंडळीही तक्रार करीत नाहीत. रंग द्यायचा तर सगळ्यात आधी पायांच्या टोकांना, दोन हात. लाकूड पाणी पितं ते टोकांतून, दिव्याच्या वातीसारखं. अशी एक घोडी भरते साडेतीन किलोच्या आसपास. तांदळाच्या पाच किलोच्या पिशवीपेक्षा हलकी.

वरची फळी म्हणजे पाऊण इंची प्लाय. पूर्ण शीट आठ बाय चार फुटांचं येतं, त्याचे दुकानातच चार तुकडे करून मागा. चार बाय दोनचा एक तुकडा आपल्याला पुरतो. बाकीचे तीन शेजारणींना विका, आमच्या मजल्यावर तसंच झालं. अर्ध्या इंचाचं प्लाय हलकं पडतं खरं, पण मध्ये वाकतं. फळीच्या खालच्या अंगाला, घोडी येते तिच्या दोन्ही बाजूंना बारीक पट्ट्या ठोका. मग फळी घोडीवरून सरकत नाही.

आता जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती करवत. आमच्या अंगठ्याचं कारण फक्त स्टुलं नव्हती, हे मला नंतर कळलं. आम्ही दोन स्टुलांच्या मध्ये कापत होतो. मध्ये कापलं की फळीचे दोन्ही भाग आत झुकतात, चिमटा बसतो आणि करवत अडकते. मग आपण जोर लावतो आणि ती उसळते. कापायची रेघ नेहमी दोन्ही घोड्यांच्या बाहेर हवी, एका बाजूला लोंबणाऱ्या टोकावर. ते टोक दुसऱ्या कोणीतरी खालून नुसतं हातावर तोलावं. वर उचलायचं नाही, उचललं की पुन्हा चिमटा. सुरुवातीला करवत दोन-तीनदा आपल्याकडे हलकेच ओढा, खाच पडू द्या आणि मगच पुढे ढकला. जोर लावायचाच नाही. दात धारदार असतील तर करवतीचं वजनच पुरतं.

आणि एक गोष्ट अगदी बजावून सांगते. घोडी म्हणजे शिडी नव्हे. दिवाळीच्या साफसफाईत पंखा पुसायला, माळ्यावरचे डबे काढायला तिच्यावर चढायचं नाही, फळी टाकून तर मुळीच नाही. फळीच्या टोकावर पाय पडला तर दुसरं टोक वर येतं आणि आपण खाली. लहान मुलांना ती उघडायला-मिटायलाही देऊ नका, वरच्या सांध्यात कोवळी बोटं चिमटतात.

आमच्याकडे घोड्या आल्यापासून दाराआडच्या त्या सहा इंचांचा भाव वधारलाय. शेजारच्या मावशींनी नाताळात त्या नेल्या. जिन्याजवळ गोठा मांडायचा होता, आणि दरवर्षी खोकी एकावर एक रचून तो कलायचा. हळदीकुंकवाला वाणाची मांडणी त्यांवरच झाली. वर चादर टाकली की खाली लाकूड आहे की संगमरवर, कोण बघतंय?

पण त्या सगळ्यात नीट पाहिल्या त्या आमच्या वन्संनी. त्या नालासोपाऱ्याला तळमजल्यावर राहतात. जुलै २०१८चा पाऊस इकडे कोणी विसरलेलं नाही. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचलं, लोकल बंद पडल्या, वसईच्या मिठागरात माणसं अडकली. वन्संच्या घरात पाणी रात्री शिरलं. माणसं वरच्या मजल्यावर गेली, पण गाद्या, पिठाचा डबा, शिलाई मशीनची मोटर आणि थोरलीची दहावीची सगळी पुस्तकं खालीच राहिली. पलंगावर ठेवली होती हो, पण पलंग अठरा इंचांचा. वाळवलेली पुस्तकं फुगून पापडासारखी झाली, मुलीनं तीच वर्षभर वापरली. तेव्हापासून जून लागला की वन्सं जड सामान विटांवर चढवतात आणि ऑक्टोबरपर्यंत त्या विटांना ठेचा खातात.

आमच्या घोडीला त्यांनी हातानं दाबून पाहिलं, मिटवली, उघडली आणि म्हणाल्या, “वहिनी, मला दोन करून दे. मात्र उंची तीच ठेव.” मी विचारलं, टेबल म्हणून हवं आहे का? तर नाही म्हणाल्या. त्यांच्या भिंतीवर अजून त्या पाण्याची रेघ आहे, दोनदा रंग देऊनही वर येते. टेपनं मोजली. बावीस इंच.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी यासाठी घोड्या करायच्या तर एवढं ध्यानात ठेवा. त्यांवर फ्रीज किंवा कपाट चढवायचं नाही. दोघींना सहज उचलता येईल तेवढंच सामान: गाद्या, वह्या-पुस्तकं, तांदळाचा डबा, शिलाई मशीनचं डोकं. लाकूड पाण्यावर तरंगतं, म्हणून पाणी यायच्या आधीच घोड्या मांडून त्यांवर वजन ठेवा. रिकाम्या घोड्या पाणी ढकलून देईल. जड डबा घोडीच्या बरोबर वर ठेवा, फळीच्या मध्ये नको. पाणी उंबऱ्याशी आलं की आधी विजेचा मेन स्विच बंद करा, सामान नंतर. कागदपत्रं आणि औषधं मात्र घोडीवरसुद्धा ठेवू नका, ती पिशवीत घालून आपल्याबरोबर वर न्या.

वन्संच्या घोड्या आम्ही मे महिन्यात पोचवल्या. लोकलला गर्दी नव्हती, रविवारची दुपार होती. दोन्ही मिटवून मी एका हातात धरल्या, ह्यांनी फळी घेतली. घरी गेल्यावर वन्संनी आधी घोडी भिंतीशी, त्या रेघेजवळ उभी केली. भाचीनं पेन्सिल आणली आणि पायावर बावीस इंचांची खूण केली. फळी टाकल्यावर तिच्या खालच्या अंगापासून त्या खुणेपर्यंत वन्संनी बोटांनी मोजलं, मग टेप लावून पाहिलं. सात इंच राहतात.